सोलर प्लेटचा स्टँड घरच्या घरी: काळ्या मातीत रुतेल आणि वादळात टिकेल असा

वावरात झटका मशीन, म्हणजे कुंपणाच्या तारेला विजेचा झटका देणारं यंत्र, बसवलं किंवा जागलीच्या खोपडीत दिव्याची आणि मोबाइल चार्जिंगची सोय केली, की ४० ते १०० वॅटची एक सोलर प्लेट घरी येतेच. येते आणि मग कुठे तरी टेकवली जाते. कुणी टिनावर ठेवून दोन दगड दाबतो, कुणी बाभळीच्या खोडाला तारेनं बांधतो, कुणी धुऱ्यावर दोन बल्ल्या रोवून त्यावर आडवी टाकतो. मे-जूनमधलं पहिलं वादळ आलं की तीच प्लेट शेजारच्या वावरात काच फुटून पडलेली सापडते. चांगली प्लेट वीस-पंचवीस वर्षं वीज देते. तिला एवढं आयुष्य मिळेल की नाही, हे स्टँडवर ठरतं.

आपल्या विदर्भात स्टँडचे दोन मोठे वैरी आहेत: वादळी वारा आणि काळी माती. प्लेटचा कोन दोन-चार अंश चुकला तर वर्षभरात कुणाच्या लक्षातही येणार नाही. पण खांबाचा पाया कच्चा राहिला किंवा नट ढिले राहिले तर प्लेटच हातची जाते. म्हणून इथे कोनापेक्षा खड्ड्याबद्दल जास्त लिहिलं आहे.

हे सगळं १०० वॅटपर्यंतच्या एका प्लेटसाठी आहे. पीएम-कुसुम किंवा 'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजनेतल्या मोठ्या पंपाचा सांगाडा कंपनी बसवून देते आणि त्यावर हमी असते. त्याला हात लावू नका, त्यावर आपली जास्तीची प्लेटही चढवू नका.

जागा

आधी सावली बघा. १२ व्होल्टच्या प्लेटमध्ये साधारण ३६ सेल एका माळेत जोडलेले असतात. त्यातल्या एका-दोन सेलवर फांदीची सावली पडली तरी पूर्ण प्लेटची वीज निम्म्यावर किंवा त्याहून खाली येऊ शकते. उन्हाळ्यात सूर्य डोक्यावर असतो, त्यामुळे जागा मोकळी वाटते. खरी परीक्षा डिसेंबरात होते. तेव्हा भर दुपारीही सूर्य आपल्याकडे सुमारे ४६ अंशांपर्यंतच चढतो. म्हणजे दुपारी झाडाची सावली झाडाएवढीच लांब असते आणि सकाळी नऊला जवळजवळ दुप्पट होते. यावरून एक सोपा हिशोब निघतो. आग्नेयेपासून दक्षिणेकडून नैर्ऋत्येपर्यंत जे काही उभं आहे, झाड असो, खोपडी असो वा टाकी, ते प्लेटपेक्षा जितकं उंच असेल त्याच्या दुप्पट अंतर सोडा. उत्तरेकडच्या झाडाची फारशी चिंता नाही.

तुरीचा विचार मात्र विसरू नका. जुलैत गुडघ्याएवढी दिसणारी तूर नोव्हेंबरात माणसाच्या डोक्यावर जाते. खांबाच्या दक्षिणेला तुरीची ओळ येणार असेल तर प्लेटचा खालचा काठ किमान साडेसहा-सात फुटांवर हवा. एवढ्या उंचीवर बैल किंवा म्हैस प्लेटला अंग घासू शकत नाही आणि शेळ्याही पोचत नाहीत.

वर वीजवाहिनी असेल तर ती जागा सोडाच. वीस फुटी पाइप उभा करताना तो ११ केव्हीच्या (११ हजार व्होल्टच्या) तारेजवळ गेला तरी जीव जातो, प्रत्यक्ष टेकावाच लागतो असं नाही. आणि बॅटरी जवळ राहील असं बघा. त्याचं कारण वायरच्या भागात येईल.

दक्षिण शोधणे

प्लेटचं तोंड दक्षिणेकडे हवं. मोबाइलमधला कंपास चालतो, कारण आपल्या भागात चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांच्यातला फरक नगण्य आहे. पण लोखंडी खांब, टिनपत्रा किंवा मोटारसायकल जवळ असेल तर कंपास हमखास फसवतो. खांबापासून दहा-पंधरा फूट दूर जाऊन बघा.

याहून खात्रीची आपली जुनी शंकूची रीत आहे. सपाट जमिनीवर दोन-अडीच फुटांची सरळ काठी ओळंब्यात उभी रोवा. सकाळी दहाच्या सुमारास तिच्या सावलीच्या टोकावर खुंटी ठोका. काठीला सुतळी बांधून त्या खुंटीपर्यंतच्या अंतराचं वर्तुळ जमिनीवर काढा. दुपारपर्यंत सावली आखडेल, मग पुन्हा लांबत जाईल. तिचं टोक पलीकडच्या बाजूला वर्तुळाला टेकलं की तिथे दुसरी खुंटी ठोका. दोन्ही खुंट्यांना जोडणारी रेषा पूर्व-पश्चिम असते. तिच्या मध्यापासून काठीकडे ओढलेली रेषा म्हणजे उत्तर-दक्षिण. हे थंडीत करा, सावल्या लांब असतात आणि काम सोपं जातं. मेच्या उत्तरार्धात आपल्याकडे सूर्य दुपारी थेट डोक्यावर येतो आणि काठीला सावलीच उरत नाही.

घड्याळात बारा वाजले की सूर्य दक्षिणेला, असं मात्र धरू नका. भारतीय वेळ ८२.५ अंश रेखांशाची आहे. नागपूर त्याच्या पश्चिमेला असल्यानं तिथे सूर्य सरासरी १४ मिनिटं उशिरा माथ्यावर येतो, अकोल्यात सुमारे २२ मिनिटं, आणि ऋतूप्रमाणे त्यात आणखी पाव तासापर्यंत फरक पडतो.

कोन

बहुतेक विदर्भ २० ते २१.५ अंश उत्तर अक्षांशावर आहे. वर्षभर एकाच कोनात ठेवायची असेल तर २० अंश पुस्तकाप्रमाणे बरोबर. माझं मत २५ अंशांचं आहे. झटका मशीन आणि जागलीचा दिवा यांची खरी गरज रब्बीत असते. तेव्हा रात्री मोठ्या, दिवस लहान आणि सूर्य खाली असतो.

कोनमापक नसला तरी अडत नाही. १०० वॅटच्या प्लेटचा एक साधारण आकार १०० बाय ६७ सेंटिमीटर असतो. ती आडवी, म्हणजे लांब बाजू पूर्व-पश्चिम ठेवली तर उताराची लांबी ६७ सेंटिमीटर होते. अशा प्लेटची उत्तरेकडची कड दक्षिणेकडच्या कडेपेक्षा २८ सेंटिमीटर वर असली की २५ अंश झाले. ३५ अंशांसाठी ३८ सेंटिमीटर आणि १० अंशांसाठी साडेअकरा. तुमची प्लेट वेगळ्या आकाराची असेल तर उताराच्या दर १०० सेंटिमीटरला अनुक्रमे ४२, ५७ आणि १७ सेंटिमीटर धरा.

दसऱ्याला ३५ अंश आणि होळीला १० अंश असा वर्षातून दोनदा कोन बदलता येईल, अशी सोय मी स्टँडमध्ये ठेवायला सांगतो. वीज त्यानं फार वाढत नाही, वर्षाला चार-पाच टक्के. मोठा फायदा वाऱ्याचा आहे. होळीनंतर दसऱ्यापर्यंतचा काळ म्हणजेच वादळांचा काळ, आणि त्यात प्लेट जवळजवळ झोपलेली राहते. १० अंशांपेक्षा खाली मात्र जाऊ नका, नाहीतर पाणी निथळत नाही आणि खालच्या काठाशी चिखलाची पट्टी बसते.

वारा किती जोर लावतो

इमारतींच्या भारतीय मानकात, आयएस ८७५ च्या भाग ३ मध्ये, नागपूरसाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ४४ मीटर धरला आहे, म्हणजे ताशी सुमारे १५८ किलोमीटर. या वेगाचा वारा एक चौरस मीटरवर समोरून आदळला तर साधारण ११८ किलोचा दाब देतो. आपली प्लेट पाऊण चौरस मीटरपेक्षा थोडी कमी, म्हणजे ८० किलोच्या आसपास. ताशी १०० किलोमीटरच्या वादळात हा आकडा तीस-बत्तीस किलोवर येतो. वेग दुप्पट झाला की जोर चौपट होतो, म्हणून 'मागच्या वादळात टिकली' याला फारसा अर्थ नाही.

प्लेटचं स्वतःचं वजन सात-आठ किलो. खाली पडू नये म्हणून आपण तिला आधार देतो, पण वारा तिला वर उचलतो. तिचं तोंड दक्षिणेकडे असल्यानं उत्तरेकडून आलेला झोत मागून पोटात शिरतो आणि पतंगासारखी उचलतो. प्रत्येक जोड उचलला जाणार आहे असं समजूनच करायचा.

सामान

खांबासाठी दोन इंची जीआय पाइप, म्हणजे जस्ताचा थर दिलेला लोखंडी पाइप, मध्यम जाडीचा, ज्याला दुकानात बी क्लास म्हणतात. पाइप वीस फुटांचा येतो. मधून कापला तर दहा-दहा फुटांचे दोन खांब होतात, तीन फूट जमिनीत आणि सात फूट वर. शेजाऱ्यासोबत मिळून एक पाइप घेतला तर दोघांचं काम होतं. बोअरमधून काढलेला जुना पाइप चालतो, पण आतून गंजून पातळ झालेला नको. हातोडीनं ठोकून बघा, पातळ जागी आवाज बदलतो. स्प्रिंकलरचा ॲल्युमिनियमचा पाइप या कामाचा नाही, तो वाकतो.

त्याशिवाय अडीच इंची पाइपाचा एक फुटाचा तुकडा, चौकटीसाठी एक इंची (२५ × २५ × ३ मिलिमीटर) लोखंडी अँगल साधारण बारा फूट, टेकूसाठी एक इंच रुंद आणि पाच मिलिमीटर जाड पट्टी पाच फूट, १० मिलिमीटरचे सहा नट-बोल्ट, बिजागरीसाठी १२ मिलिमीटरचा एक लांब बोल्ट, आणि प्लेटच्या भोकांत बसतील असे स्टेनलेस स्टीलचे ६ किंवा ८ मिलिमीटरचे चार बोल्ट, त्यांचे साधे वायसर, स्प्रिंग वायसर आणि नायलॉक नट (आत नायलॉनचं कडं असल्यानं ढिला न होणारा). हे शेवटचे चार बोल्ट स्वस्तातले घेऊ नका. साधा बोल्ट दोन पावसाळ्यांत गंजून जाम होतो, मग प्लेट काढायची तर कापावंच लागतं.

बांबू आणि बल्ल्यांबद्दल बरेच जण विचारतात. गडचिरोली-भंडाऱ्याकडे बांबू चांगला मिळतो आणि एका हंगामासाठी त्याचा स्टँड होतो. पण जमिनीत गेलेला भाग उधई खाते आणि वरून काहीच कळत नाही. वापरायचाच असेल तर दरवर्षी खालून हलवून बघायचा.

चौकट

चौकट वेल्डिंगवाल्याकडून करून घ्या. माप तुम्ही द्या आणि प्लेट सोबत न्या, म्हणजे भोकं तंतोतंत जुळतात. वेल्डिंग चालू असताना मात्र ती दूर ठेवा. ठिणगी काचेवर पडली की बारीक खड्डा पडतो आणि काच पुढे तिथूनच फुटते.

दोन अँगल प्लेटच्या लांबीएवढे. हे पूर्व-पश्चिम जातील आणि प्लेटच्या फ्रेमला मागून जी चार भोकं असतात त्यांच्या खाली येतील. त्यांना जोडणारे आणखी दोन अँगल उत्तर-दक्षिण, चौकटीच्या अगदी मधोमध, एकमेकांपासून साधारण तीन इंचांवर. ही मधली जोडी खांबाच्या डोक्यावर बसणार. कोपरे गुण्यात आहेत की नाही हे दोन्ही कर्ण मोजून बघा. दोन्ही सारखे आले तर चौकट काटकोनात आहे.

अडीच इंची पाइपाचा तुकडा म्हणजे टोपी. ती खांबावर वरून चढते. तिचं वरचं तोंड जाड पत्र्यानं बंद करून घ्या, नाहीतर पावसाचं पाणी पाइपात साचतं. त्या पत्र्यावर पट्टीचे दोन कान उभे वेल्ड करा, मधल्या अँगलच्या जोडीत बसतील असे, आणि कानांना व अँगलना आरपार १२ मिलिमीटरचं भोक पाडा. लांब बोल्ट यातून गेला की बिजागरी झाली. टोपीच्या बाजूला वर तीन आणि खाली तीन अशी सहा भोकं पाडून त्यांवर १० मिलिमीटरचे नट वेल्ड करा. त्यांतून बोल्ट आवळले की ते खांबाला घट्ट दाबतात. दोन इंची आणि अडीच इंची पाइपांमध्ये थोडी फट राहते. तिन्ही बाजूंचे बोल्ट सारखे आवळले तर टोपी मधोमध बसते आणि डुगडुगत नाही.

आता टेकू. टोपीच्या खालच्या टोकापासून चौकटीच्या उत्तरेकडच्या भागापर्यंत दोन पट्ट्या. वरच्या टोकाला एकच भोक, खालच्या टोकाला तीन, १०, २५ आणि ३५ अंशांसाठी. भोकांच्या जागा कागदावर काढत बसू नका. टोपी जमिनीवर उभी धरा, चौकट त्यावर ठेवा, मघाशी सांगितलेली उंची टेपनं मोजून चौकट त्या कोनात टेकवा आणि पट्टीवर खडूनं खूण करा. तीन खुणा, तीन भोकं.

जीआय पाइपावर वेल्डिंग करताना जस्ताचा पांढरा धूर निघतो, तो छातीत गेला तर रात्री थंडी वाजून ताप भरतो. काम मोकळ्या हवेत करायला सांगा आणि वेल्डिंगच्या जागेवरचा जस्ताचा थर आधी घासून घ्यायला लावा. सगळं झाल्यावर जोडांवरची राख तारेच्या ब्रशनं काढा, रेड ऑक्साइडचे दोन हात आणि वरून ऑइल पेंटचे दोन हात द्या. अँगलच्या आतल्या कोपऱ्यात ब्रश पोचत नाही आणि गंज नेमका तिथूनच लागतो.

खड्डा

काळी माती पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसून तिला भेगा पडतात. ज्यांनी मे महिन्यात वावरातून चालताना भेगेत हात घालून बघितला आहे, त्यांना हे वेगळं सांगायला नको. फुगताना ती खांबाच्या काँक्रीटला बाजूंनी धरून वर ढकलते, आक्रसताना त्याला मोकळं सोडते. दोन-तीन वर्षांत खांब तिरपा होतो. म्हणून वरच्या हलत्या मातीवर भिस्त न ठेवता खाली, जिथे ओल फारशी बदलत नाही तिथे पकड घ्यायची. इमारतींसाठी अशा मातीत तळाशी फुगीर असलेले खांब टाकतात, त्याचीच ही छोटी नक्कल.

दिवाळीनंतर वावर वापशावर आलं की खड्डा करा. माती तेव्हा सब्बलीला साथ देते, आणि वादळांच्या आधी काँक्रीटला मुरायला भरपूर महिने मिळतात. दीड फूट लांब, दीड फूट रुंद आणि तीन फूट खोल. दोन-अडीच फुटांवर मुरूम लागला तर मुरमात एक फूट जा आणि थांबा. पूर्णा खोऱ्यातल्या खोल काळ्या मातीत मुरूम हाती लागणार नाही, तिथे चार फूट जा, आणि पाइपही तेवढा लांब घ्या. तळाचा शेवटचा फूटभर खड्डा सर्व बाजूंनी आतून कोरून दोन फुटांचा करा. खाली रुंद, वर अरुंद. असा पाया माती वर उचलू शकत नाही आणि वाराही उपटू शकत नाही.

तळाशी चार इंच गिट्टी टाकून ठोका. पाइपाच्या खालच्या टोकाला १२ मिलिमीटरच्या सळईचे फूट-फूटभराचे दोन तुकडे फुलीसारखे वेल्ड केलेले असावेत, त्यानं खांब काँक्रीटमध्ये फिरत नाही. पाइप उभा करून दोन बाजूंनी ओळंबा लावा आणि तीन दिशांना दोरांनी ताणून बांधा. एक सिमेंट, दोन रेती, चार गिट्टी या प्रमाणात काँक्रीट करा. तीन फुटी खड्ड्याला सव्वा ते दीड थैली सिमेंट लागतं. पाणी कमीच घाला. घमेल्यातून ओतल्यावर ते आमटीसारखं वाहायला लागलं तर जास्त झालं आहे. थर टाकत जा आणि सळईनं कोचत जा, पोकळी राहू देऊ नका.

वरच्या एका फुटात काँक्रीट खड्ड्याच्या भिंतीला भिडू देऊ नका. टिनपत्र्याचा तुकडा गोल वाकवून त्यात ओता, म्हणजे बाजू गुळगुळीत येतात. बाहेरच्या फटीत काढलेली काळी माती परत न भरता मुरूम किंवा रेती भरा. मातीला धरायला काही मिळालं नाही की ती खांबाला सोबत घेऊन हलत नाही. काँक्रीट जमिनीच्या वर सहा इंच आणून माथ्याला बाहेरच्या बाजूनं उतार द्या.

अकोला, अमरावती, बुलढाण्याच्या खारपाणपट्ट्यात हा उतार आणखी महत्त्वाचा. तिथल्या खारट मातीत लोखंड जमिनीच्या रेषेवरच गंजून कापलं जातं, वरचा आणि खालचा पाइप धड राहतो. तिथे पाइपाच्या त्या भागाला ओतण्यापूर्वी डांबराचे दोन हात द्या. धानाच्या बांधीत तर खांब रोवूच नका, महिनोन्‌महिने पाणी साचून राहतं. रुंद धुरा निवडा.

सात दिवस ओलं पोतं गुंडाळून पाणी मारा. त्याआधी टोपी चढवायची घाई करू नका.

प्लेट चढवणे

प्लेट जमिनीवरच चौकटीला जोडा, वर चढून नाही. ॲल्युमिनियमची फ्रेम आणि लोखंडी अँगल यांच्यात सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा घाला. दोन वेगळे धातू थेट टेकले आणि मध्ये पावसाचं पाणी गेलं तर फ्रेम पांढरी पडून झिजते. फ्रेमला नवी भोकं पाडू नका. ड्रिलचं टोक मागच्या पांढऱ्या पापुद्र्याला लागलं तर आत ओल शिरते आणि प्लेट संपते. स्प्रिंग वायसर सपाट झाला की आवळणं थांबवा.

काम सकाळी लवकर करा आणि प्लेटवर गोधडी टाकून ठेवा. उन्हात असली की तिच्या वायरींमध्ये वीज असतेच, खुल्या टोकांवर वीस-बावीस व्होल्ट. एवढ्यानं झटका बसत नाही, पण टोकं एकमेकांना लागली की ठिणगी उडते. दोघांनी मिळून टोपीसकट चौकट खांबावर चढवा, दिशा साधा, सहाही बोल्ट थोडे थोडे करून आवळा. प्लेटच्या मागची काळी डबी, जिच्यातून वायरी निघतात, वरच्या काठाकडे यायला हवी, म्हणजे तिच्यात पाणी उतरत नाही.

शेवटी चौकटीला धरून जोरात हलवा. सगळा खांब थोडा लवचिकपणे हलला तर चालेल. खडखड आवाज आला तर कुठला तरी जोड ढिला आहे, तो शोधल्याशिवाय घरी जाऊ नका.

खांबाऐवजी छत असेल तर

टिनावर बसवताना प्लेट आणि टिन यांच्यात चार-सहा इंच मोकळी जागा ठेवा. मे महिन्यात बाहेर ४५ अंश असतात तेव्हा प्लेट स्वतः ६५-७० अंशांवर जाते, आणि २५ अंशांच्या वर प्रत्येक अंशामागे साधारण ०.४ टक्के वीज कमी होते. खालून वारा खेळला तर तेवढी तरी वाचते. अँगल टिनाला नाही, टिनाखालच्या आडव्या पाइपाला जे-हुकनं धरा. भोक पत्र्याच्या उंचवट्यावर पाडा, खोलगटात पाडलं की गळती ठरलेली. सिमेंटच्या पत्र्यावर पाय ठेवू नका, ते अचानक फुटतात आणि माणूस खाली येतो. कवेलूच्या छपरावर तर काहीच लादू नका, भिंतीलगत खांब उभा करा.

स्लॅबला भोकं पाडण्यापेक्षा वजनानं धरलेलं बरं. तेलाचा १५ किलोचा रिकामा पिपा काँक्रीटनं भरला की सुमारे ४० किलोचा होतो. असे चार पिपे, प्रत्येकात ओततानाच एक अँगल उभा रोवलेला, आणि चारही अँगल आडव्या अँगलनं एकमेकांना जोडलेले. पिपा पुढे गंजून गेला तरी आतला ठोकळा राहतो. दक्षिणेकडच्या कठड्याची सावली तेवढी सांभाळा.

वायर, वीज आणि वांदर

१२ व्होल्टमध्ये लांब आणि बारीक वायर फार खाते. १०० वॅटची प्लेट भर उन्हात साधारण सहा अँपिअर देते. बॅटरी दहा मीटरवर असेल तर १ चौरस मिलिमीटर तांब्याच्या वायरीत दोन व्होल्टहून जास्त वाटेतच जातात. ४ चौरस मिलिमीटर घेतली तर अर्ध्या व्होल्टच्या आसपास. वायर पाइपातून न्या, उंदीर आणि खारी कुरतडतात. कंट्रोलरला, म्हणजे प्लेट आणि बॅटरीच्या मध्ये चार्जिंग सांभाळणाऱ्या डबीला, आधी बॅटरी जोडा, मग प्लेट. काढताना उलट. बॅटरीच्या धन टोकाजवळ फ्यूज हवाच.

झटक्याची तार स्टँडला कुठेही टेकू देऊ नका. आणि कुंपणात २३० व्होल्टची लाइन सोडायची कल्पना कुणी मांडली तर तिथेच थांबवा. तो गुन्हा आहे, आणि आपल्याच भागात त्यानं माणसं, गुरं आणि वाघही मेले आहेत. ढग गडगडायला लागले की मोकळ्या वावरातल्या लोखंडी खांबाजवळ उभं राहू नका, अर्थिंग केलेलं असलं तरी.

वांदरांना सपाट, गरम प्लेट बसायला आवडते. झाडाच्या फांदीपासून जमेल तितकं अंतर ठेवा, म्हणजे त्यांना सहज उडी मारून येता येणार नाही. खांबावरून चढू नये म्हणून टोपीच्या खाली बाभळीचे काटे गुंडाळून तारेनं बांधा. चोरी होऊ नये म्हणून चारपैकी दोन बोल्टांचे बाहेर आलेले आटे हातोडीनं चेपून टाका आणि फ्रेमच्या मागे ऑइल पेंटनं गावाचं नाव लिहा.

वर्षभराची निगा

धूळ सकाळी, काच थंड असताना, साध्या पाण्यानं आणि मऊ फडक्यानं पुसा. तापलेल्या काचेवर दुपारी गार पाणी ओतू नका. कोराडी, खापरखेडा, चंद्रपूर अशा वीज केंद्रांच्या आसपास राखेचा थर बसतो, तिथे आठवड्याला पुसावं लागतं. खारपाणपट्ट्यात बोअरचं पाणी वापरलं तर वाळल्यावर पांढरे डाग राहतात, पावसाचं पाणी साठवून ठेवलेलं असेल तर तेच घ्या.

होळीला कोन उतरवाल तेव्हाच सगळे नट पान्यानं तपासा, रंग उडालेल्या जागी रेड ऑक्साइड लावा. पहिले दोन-तीन मोठे पाऊस झाले की खांबाच्या बुडाशी जा. काँक्रीटभोवती फट दिसली तर तिच्यात मुरूम कोचा, पाणी साचत असेल तर फावड्यानं चर काढून उताराकडे वळवा. ओळंबा लावा. खांब अर्ध्या इंचापेक्षा जास्त कलला असेल तर टोपीच्या बोल्टांनी प्लेट सरळ करून भागवू नका. पाऊस संपून वापसा आला की बाजू खणून बघा, तळ धरलेला आहे की नाही. धरलेला नसेल तर खड्डा एक फूट खोल करून काँक्रीट पुन्हा टाका.